आईचा चेहरा सुजल्यासारखा दिसतोय. चेहऱ्यावरून आजार कळतो का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई ५२ वर्षांच्या, राहतात तासगावजवळच्या गावात. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात. गणपतीला घरी गेलात तेव्हा आईंचा चेहरा सुजल्यासारखा आणि निस्तेज वाटला, गालांवर वांग, डोळ्यांखाली काळं. वडील म्हणाले, "वयानं होतंय, काय नाही." मग गावातल्या एका शिबिरात कुणीतरी मोबाइलवर आईंचा फोटो काढला आणि पाच मिनिटांत छापील कागद दिला: लिव्हर कमजोर, किडनीवर ताण, हार्मोन बिघडलेले. सोबत तीन महिन्यांच्या पावडरीचा डबा. चेहऱ्यावरून खरंच इतकं कळतं की ही फसवणूक आहे, असा तुमचा प्रश्न.

मी याच पट्ट्यात २७ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. पेशंट दारातून आत येतो तेव्हा मला सगळ्यात आधी त्याचं तोंडच दिसतं, आणि तो खुर्चीवर बसेपर्यंत डोक्यात दोन-तीन शंका येऊन गेलेल्या असतात. त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या कागदावर लिहिलंय तसं कळत नाही. आणि मला विचाराल तर पावडरीच्या नादात तुमचा खरा प्रश्न मागे पडलाय. तो असा: आईंचा चेहरा बदललाय का, कधीपासून बदललाय, आणि त्याच्यासोबत आणखी काय बदललंय?

चेहरा कसा आहे याला मी फार किंमत देत नाही. जड पापण्या, डोळ्यांखालचं काळं, भरलेले गाल हे बऱ्याचदा आजोळहून आलेलं असतं. मुळात गोल चेहरा असलेल्या बाईला मी थायरॉइडची तपासणी सांगत नाही. लांबट चेहरा सहा महिन्यांत गोल झाला तर सांगतो. आपल्या बोलण्यातही बघा ना: तोंड उतरलं, चेहरा सुकला, डोळे खोल गेले, पोरगी पांढरीफटक पडली. सगळं कालपेक्षा आज काय झालं त्याबद्दल आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायका चेहरा असाच वाचायच्या.

अडचण अशी, की रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. तुमच्या वडिलांना दोष देऊ नका, माझंही हे झालंय. एक शिक्षिका बीपीच्या गोळ्यांसाठी चार वर्षं दर महिन्याला माझ्याकडे यायच्या. मी बीपी बघायचो, गोळ्या लिहून द्यायचो, मुलाच्या परीक्षेची चौकशी करायचो. एकदा त्यांची इचलकरंजीची बहीण सोबत आली. दारातच म्हणाली, "डॉक्टर, हिचा आवाज असा घोगरा कधीपासून झाला? आणि तोंड बघा की, भाकरीसारखं फुगलंय." मग मी नीट बघितलं. डोळ्यांभोवती सूज, कातडी कोरडी, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, ६० च्या वर निघालं. इतके महिने समोर बसून मी तेच तोंड बघत होतो. त्या दिवसापासून जुन्या पेशंटकडे मी अधूनमधून आधार कार्ड मागतो. लोकांना वाटतं कुठल्या योजनेसाठी मागतोय. मला फक्त फोटो बघायचा असतो. त्या फोटोत माणूस चांगला दिसत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते, पण माझ्या कामाला तोच बरा. समोरून काढलेला, मेकअप नाही, आणि वर्ष साधारण ठाऊक.

आता आईंकडे येऊ. "सुजल्यासारखा" या एका शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्यातली कुठली हे मी इथून सांगू शकत नाही. कसं ओळखायचं ते सांगतो.

पहिली, सकाळची सूज. उठल्या उठल्या पापण्या फुगलेल्या, दुपारपर्यंत चेहरा उतरतो आणि संध्याकाळी पाय जड होतात. पापण्यांची कातडी सैल असते, रात्रभर आडवं झोपलं की पाणी तिथं साचतं, उभं राहिलं की खाली उतरतं. यात लघवीतून प्रथिनं जातायत का हे आधी बघावं लागतं. लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो बराच वेळ टिकतो का, विचारा. सुजेवर बोटानं दाबून धरलं तर खड्डा पडतो. पायाच्या नडगीवर हे चांगलं कळतं. लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि बीपी, एवढ्यात बरंच उलगडतं.

दुसरी थायरॉइडची. ही सकाळ-संध्याकाळ सारखीच असते. कातडीखाली चिकट द्रव्य साचतं, ते पाणी धरून ठेवतं, म्हणून बोटानं दाबलं तरी सहसा खड्डा पडत नाही. सोबत थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, आवाज जाड होतो, केस गळतात, वजन वाढतं आणि माणूस मंद होतो. घरचे याला आळस म्हणतात. भुवयांवर मात्र एकट्या विसंबून राहू नका, हल्ली पार्लरमुळे त्यांचा भरवसा राहिलेला नाही.

तिसरी आमच्या भागात फार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पन्नाशीतली बाई गोल तोंड घेऊन आली की माझा पहिला प्रश्न असतो, "आक्का, गुडघ्याला काय घेता?" आधी "काय नाही" येतं. मग पिशवीतलं पाकीट निघतं, पाकिटातून कागदाची पुडी. कुणीतरी कुठूनतरी आणून दिलेली, "जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही" असं सांगून. पहिल्या पुडीला गुडघा थांबतो, आठ दिवसांत बाई जत्रेला चालत जाऊन येते. असा झटपट गुण आला की माझा संशय वाढतो, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडतं. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो, गाल लालसर होतात, पोट सुटतं, हातपाय मात्र काटकुळे राहतात. जरा आपटलं की काळंनिळं पडतं. साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. सगळ्यात वाईट म्हणजे लोक म्हणतात, "तब्येत सुधारली की तुमची!"

आई असलं काही घेत असतील तर रागाच्या भरात पुडी फेकून देऊ नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की किडनीवर टोपीसारखी बसलेली जी ग्रंथी ते स्वतः बनवते, ती झोपी जाते. अचानक बंद केलं तर उलट्या होतात, बीपी कोसळतं, जिवावर बेतू शकतं. पुडी डॉक्टरला दाखवा, डोस हळूहळू उतरवू द्या. आणि हे विचारताना वडिलांसमोर विचारू नका. अशा पुडीचे पैसे बऱ्याचदा घरखर्चातून वाचवलेले असतात.

निस्तेजपणाबद्दल. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर गालाच्या फिकेपणावरून रक्त कमी आहे की नाही हे कळणं अवघड. खालची पापणी हळूच खाली ओढा आणि आतली लाली बघा, जीभ आणि नखांचा तळ बघा. तेही खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. त्यामुळे आपल्या घरातली बाई त्यात असणं यात नवल काहीच नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की कमी धरतात. पण पापणी लाल दिसली म्हणून सुटलो असं नाही, सौम्य कमतरता डोळ्यानं चुकते. जीभ गुळगुळीत, लालभडक आणि बोटांच्या पेरांवरचा रंग काळवंडलेला असेल तर बी१२ कडेही बघावं, शाकाहारी घरात विशेष.

आईंच्या वयात एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. पाळी चालू असून अंगावरून जास्त जात असेल तर रक्त कमी होण्याचं कारण समोरच आहे, आणि पन्नाशीला जास्त जाणं हेही दाखवण्यासारखंच. पण पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या सुरू करून गप्प बसू नये. रक्त कुठून जातंय, जठरातून, आतड्यातून की मूळव्याधीतून, हे शोधायला लागतं.

उजेडाचं महत्त्व मला हळदीनं शिकवलं. आमच्याकडे सीझनला हळदीच्या गोदामातून येणारा प्रत्येक माणूस पिवळा असतो, हात, कपाळ, कानाच्या पाळ्या, सगळं. एक मावशी अंगाला खाज सुटते म्हणून आल्या. त्यांचं म्हणणं, "पावडर बसती अंगावर, त्येची खाज." मलाही पटलं होतं. ट्यूबलाइटखाली सगळंच पिवळट दिसत होतं. लाइट गेली म्हणून त्यांना बाहेर ओट्यावर आणलं, आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघितला तर लिंबासारखा. हळद डोळ्यांत भिनत नाही. लघवी गडद होत होती, तीही त्यांनी पाणी कमी पितो म्हणून सोडून दिली होती. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, साधारण अडीच-तीन मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की डोळे पिवळे दिसायला लागतात, तेही चांगल्या उजेडात. उलट पपई किंवा गाजरं महिनोन्‌महिने भरपूर खाणाऱ्याचे तळहात पिवळे होतात आणि डोळे पांढरेच राहतात. ती कावीळ नसते.

वांग आणि डोळ्यांखालचं काळं, यावर त्या कागदाचा सगळा डोलारा उभा आहे, आणि माझ्या दृष्टीनं तुमच्या यादीतल्या कमी काळजीच्या गोष्टी याच दोन. वांग येतो उन्हानं, बाळंतपणानं, हार्मोनच्या गोळ्यांनी आणि घराण्यातून. लिव्हरशी त्याचा संबंध लावायची पद्धत जुनी आहे, पण द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या बाईच्या गालांवर वांग असेल तर मला लिव्हर आठवत नाही, ऊन आठवतं. डोळ्यांखालचं काळं बहुतेकदा वारशानं येतं, नाहीतर ॲलर्जीनं डोळे चोळून किंवा झोप पुरत नसल्यानं.

वांगापेक्षा मला भीती वांगावर लावल्या जाणाऱ्या क्रीमची आहे. स्टेरॉइडच्या ट्यूबा २०१८ पासून कायद्यानं चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, पण शेजारणीची ट्यूब घरात येतेच. आठ दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि लावायचं थांबवलं की आग होते. नाव-पत्ता नसलेल्या, गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या किडनीला इजा झाल्याचं समोर आणलं. वांग किडनीमुळे येत नाही, पण वांगावर लावलेल्या असल्या क्रीमनं किडनी बिघडू शकते. आईंच्या कपाटात काय आहे तेवढं बघा.

घरात आणखी कुणाला बघायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. मानेवर, कधी कपाळाच्या कडेला, मखमलीसारखं जाड काळं येतं, त्याला "मळ साचलाय" म्हणून पोरीला दगडानं घासायला लावतात. तो मळ नसतो. बहुतेकांत इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते. साखर तपासा आणि घासणं थांबवा. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याला पिवळसर चट्टे आले तर कोलेस्टेरॉल बघावं. अशा जवळपास निम्म्या लोकांत ते नॉर्मल निघतं, पण म्हणून विषय सोडू नये: कोपनहेगनमध्ये बारा हजारांहून अधिक लोकांना तीसेक वर्षं बघून २०११ मध्ये निष्कर्ष छापले गेले, त्यात असे चट्टे असलेल्यांना हार्ट ॲटॅक जास्त आले, कोलेस्टेरॉलचा हिशेब बाजूला काढूनसुद्धा. म्हाताऱ्यांच्या बुबुळाभोवतीच्या राखाडी कड्याचा मात्र त्यात तसा संबंध दिसला नाही. पोरांच्या गालांवरचे फिकट डाग म्हणजे जंत किंवा कॅल्शियमची कमतरता, हे मी रोज ऐकतो आणि रोज खोडतो. ती बहुतेकदा कोरडी कातडी असते. फक्त त्या डागावर स्पर्श कळत नसेल, किंवा मोठ्या माणसाच्या कानाच्या पाळ्या जाड होऊन भुवया झडत असतील, तर कुष्ठरोगाची शंका घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध तिथं फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

चेहऱ्यावरचा एक बदल असा आहे की ज्याला आठवडा, दिवस तर सोडाच, तासभरही थांबायचं नाही. तोंड एका बाजूला वाकडं होणं; तो मेंदूचा झटका असू शकतो. आमच्याकडे म्हणतात, "अंगावरनं वारं गेलं." मग तेल चोळतात, कुणी पाला आणतं, आणि सकाळ होते. गेल्या हंगामात उसाच्या फडातून एका माणसाला असंच घरी आणून झोपवलं होतं. माझ्याकडे पोचला तेव्हा बारा तास उलटून गेले होते आणि मी फक्त पुढे मिरजेला पाठवू शकलो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. आपल्या गावातून सांगली-मिरज गाठायलाच तासभर मोडतो. म्हणून हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तिन्हीपैकी एकही बिघडलेलं वाटलं तर १०८ ला फोन करा, आणि माणूस शेवटचा कधी धड होता ती वेळ लिहून ठेवा.

नुसत्या चेहऱ्याच्या नसेचा लकवाही असतो. त्यात कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. मेंदूच्या झटक्यात कपाळ सहसा वाचतं. नसेचा लकवा बहुतेकांत बरा होतो, पण त्यालाही गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर फायदा, आणि न मिटणारा डोळा जपावा लागतो. हा फरक ओळखायचं काम आमचं. घरी बसून ठरवू नका.

त्या मोबाइलच्या कागदाकडे परत येतो. फोटोला बोटानं दाबून खड्डा पडतो का ते बघता येत नाही, आवाज घोगरा झालाय ते ऐकू येत नाही, पाकिटातल्या पुडीबद्दल विचारता येत नाही. शिवाय हल्लीचे बरेचसे फोन चेहरा आपोआप गुळगुळीत आणि उजळ करूनच फोटो साठवतात, म्हणजे तपासायचं तेच आधी पुसून टाकतात. "लिव्हर कमजोर, किडनीवर ताण" हे पन्नाशीच्या कुणालाही चिकटवता येतं, आणि तीन महिन्यांनी खोटं ठरवायला त्यात एकही आकडा नाही. डबा उघडला नसेल तर उघडू नका. आईंनी सुरू केलाच असेल तर थांबवायच्या आधी, वरच्या पुडीसारखाच, डॉक्टरला दाखवा.

आईंसाठी मी काय केलं असतं ते सांगतो: बीपी, वजन, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), टीएसएच, लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि साखर. ग्रामीण रुग्णालयात यातलं बरंचसं होतं. आकडे आले की तुमच्या जवळच्या डॉक्टरांना दाखवा. यातलं काहीच निघालं नाही तर तेही चालेल; मग झोप, मन आणि घरचं काम याबद्दल बोलू, कारण चेहरा त्यानंही उतरतो. श्वास लागत असेल, लघवी खूप कमी झाली असेल किंवा सूज दोन-चार दिवसांत झपाट्यानं वाढत असेल तर मात्र तपासण्यांची वाट न बघता लगेच न्या.

जाताना तीन गोष्टी पिशवीत असू द्या: आई घेतात ती सगळी औषधं, पुड्या आणि क्रीम धरून, तो पावडरीचा डबा, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीचा एक फोटो. लग्नातला नको, त्यात मेकअप असतो. आधार अलीकडे अपडेट केलं असेल तर रेशन कार्डावरचा किंवा बँकेच्या पासबुकावरचा शोधा.